काकांवर ओरडायचं कसं?

काका, तुम्ही गेल्याची बातमी आणि तुमची खुर्ची, दोन्ही मला एकाच फोनवर मिळाल्या. फोन चीफ पायलटांचा. आधी त्यांनी घसा खाकरला, मग म्हणाले, "कॅप्टन आयझॅक गेले हो. काल संध्याकाळी, रोह्याला, घरीच. हार्ट." मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य तयार, "आपण सोमवारी मला ऑफिसात भेटाल का? तुमच्या कमांडचं, कॅप्टन होण्याचं, आता मार्गी लावून टाकू." चीफ पुण्याचे, त्यांचं मराठी इस्त्रीचं. इतक्या गोडीनं माझ्याशी कोणी बोललं की मला आधी घाम फुटतो. अहो, माणसाला अजून माती मिळाली नव्हती आणि इकडे त्याच्या खुर्चीची वाटणी सुरू!

तुम्ही कुठे शिकलात, कुठली कुठली विमानं चालवलीत, ते सगळं कंपनीनं नोटीस बोर्डावर लावलंय, फोटोसकट. फोटोत तुम्ही हसताय. फोटो काढताना तुम्ही कधी हसत नव्हतात, तेव्हा हा फोटो ह्यांनी कुठून पैदा केला ह्याचाही मला संशय आहे. मी ते काही इथे लिहिणार नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि तुम्ही मध्येच उठून चालते झालात, हे मला मुळीच पटलेलं नाही.

पहिल्यापासून घ्यायचं तर तुम्ही माझे कॅप्टन नंतर, काका आधी. पेणला आमची पोह्यांची गिरण. मुंबईहून रोह्याला जाता-येता तुम्ही गाडी गिरणीसमोर लावायचात, अण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, गप्पा मारत चहा प्यायचात, आणि मूठभर पोहे नाकाशी धरून "ह्या खेपेला जरा जाड हायत रे" म्हणायचात. मी शाळेत होते तेव्हापासून हे बघत आले. विमान चालवणारा माणूस आमच्या ओट्यावर बसून बशीतून चहा पितो, हे बघूनच माझ्या डोक्यात ते खूळ शिरलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मिशीत हसून म्हणाला असतात, "म्हंजे बिल माज्या नावावर फाडतेस व्हय गो?"

मग नव्वद साल उलटलं आणि खासगी विमान कंपन्या भराभर उगवल्या. छोटी पंख्यांची विमानं, छोटी गावं, आणि पायलट कुठे मिळेनात. मला जिथे नोकरी लागली तिथे तुम्ही आधीपासून ट्रेनिंग कॅप्टन. पहिल्या दिवशी ब्रीफिंगच्या खोलीत तुम्हाला बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तुम्ही?" सगळी खोली खो-खो हसली. दुसऱ्या दिवसापासून मी शहाण्यासारखी 'सर' म्हणायला लागले. तर विमानात चढता चढता तुम्ही म्हणालात, "सर कोणाला म्हणतेस गो शुभे? तुज्या अण्णानं ऐकलं तर पोहे बंद करील माजे." हे नीट ध्यानात ठेवा, काका. माझ्या खटल्यातली ही पहिली साक्ष आहे.

अण्णांना विमानातलं काही कळायचं नाही. ते विचारायचे, आमची शुभा चालवते म्हणजे नक्की काय करते? तुम्हीच त्यांना समजावलंत, की डावीकडे बसतो तो कॅप्टन, उजवीकडे बसतो तो को-पायलट; विमान दोघंही चालवतात, पाळीपाळीनं उतरवतातही, पण शेवटचा शब्द डाव्याचा. अण्णा म्हणाले, "म्हणजे आमच्या घरात हिची आई डावीकडे बसते." तुम्ही इतके हसलात की चहा सदऱ्यावर सांडलात. आणि मला सुट्टी असली की मुंबईहून पेणपर्यंत तुमच्याच गाडीतून आणायचात, दार उघडून म्हणायचात, "बस गो, गाडीत तरी तुला डावी खुर्ची."

गाडीत तरी! त्यातच सगळं आलं.

मला डावी खुर्ची हवी होती, काका, आणि लवकर हवी होती. त्यात लाजण्यासारखं काय आहे? माझे उड्डाणाचे तास भरले होते, परीक्षा झाल्या होत्या, लायसन हातात होतं. फक्त ट्रेनिंग कॅप्टननं 'ही तयार आहे' असं लिहून सही करायची बाकी होती, आणि तो ट्रेनिंग कॅप्टन तुम्ही. मी विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "तास भरले गो, माणूस भरला का?" पनवेल सोडलं की मी विषय काढायची आणि पेणचा नाका येईस्तोवर आपली जुंपलेली असायची. मी म्हणायची, दुसऱ्या कंपन्यांत माझ्यापेक्षा कमी उडालेले लोक खांद्यावर कॅप्टनचे चार पट्टे लावून फिरतात. तुम्ही म्हणायचात, "फिरू दे, त्यांच्या विमानात मी नाय बसत." मी म्हणायची, उजवीकडे बसून बसून माणूस फक्त उजवीकडे बसायलाच शिकतो. त्यावर तुम्ही गिअर बदलायचात आणि रस्त्यावरच्या म्हशींबद्दल बोलायला लागायचात.

आणि मग विक्रम. दिल्लीकडचा, माझ्या मागून आलेला, माझ्यापेक्षा वयानं लहान. त्याच्या कागदावर तुम्ही सही केलीत. त्या दिवशी गाडीत मी खिडकीबाहेरची मिठागरं मोजत बसले. पेण आल्यावर उतरताना एवढंच म्हटलं, "पुरुषांचा माणूस लवकर भरतो वाटतं." तुम्ही इंजिन बंद केलंत. म्हणालात, "तसं नाय गो. तो माज्यावर दोनदा आरडलाय. तू एकदा तरी आरडलीस काय?"

म्हणजे मी ओरडायचं! तुमच्यावर! आमच्या ओट्यावर बशीतून चहा पिणाऱ्या माणसावर, अण्णा ज्यांना 'आयझॅकभाऊ' म्हणतात त्यांच्यावर! विक्रमचं काय जातंय, तो तुम्हाला 'सर' म्हणतो. सरांवर ओरडता येतं हो. काकांवर ओरडायचं कसं, ते मला कोणी शिकवलंच नाही. काका म्हणायला तुम्हीच लावलंत, आणि काकांवर ओरडली नाही म्हणून नापासही तुम्हीच केलंत. हे मी तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण तुम्ही काका.

आता तो पावसातला दिवस. त्याच्याबद्दल आपण एकदाच बोललो, आणि तेही तुम्ही बोललात, मी ऐकलं.

सौराष्ट्रातलं छोटं विमानतळ, आखूड धावपट्टी, वरून धो धो. विमान तुमच्या हातात होतं. आपण ढगातून खाली आलो तेव्हा धावपट्टी समोर होती, पण आपण उंच होतो, आणि वेगही जास्त. मला ते दिसत होतं. अशा वेळी को-पायलटनं मोठ्यानं 'गो अराउंड' म्हणायचं असतं, म्हणजे कॅप्टन विमान पुन्हा वर घेतो, एक चक्कर मारतो आणि नीट उतरवतो. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "काका, जरा उंच वाटतंय का?" जसं काही चहात साखर कमी आहे का म्हणून विचारतेय. तुम्ही म्हणालात, "बघतो गो." आणि उतरलात. खूप पुढे उतरलात. ब्रेक लावलेत, विमान पाण्यावरून सरकत गेलं, धावपट्टीच्या टोकाचं गवत एवढं जवळ आलं की त्यातला बगळा मला दिसला. मग थांबलं. मागे काही जणांनी टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्यांना वाटलं, काय झकास उतरवलं.

लोक उतरून गेल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मी मुद्दाम केलं. बघत होतो तू आरडतेस काय. नाय आरडलीस. म्हणून अजून सही नाय."

मुद्दाम? मागे माणसं बसली होती, काका! मी तेवढंही कसंबसं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "सगळं माज्या हातात होतं." आणि टोपी तिथेच विसरून बाहेर गेलात.

त्या दिवसापासून मला वास येत होता. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं होतं. टोपी विसरलात, ही एक गोष्ट. चहावाल्यानं बिनसाखरेचा चहा दिला आणि तुम्ही, साखरेवर साखर घेणारे, तो मुकाट प्यायलात, ही दुसरी. पण मुख्य गोष्ट म्हणजे परत येताना तुम्ही म्हणालात, "तू घे गो. सगळं तूच कर." आणि मुंबईपर्यंत तुम्ही कशाला हातसुद्धा लावला नाहीत. परीक्षेत नुकत्याच नापास झालेल्या मुलीच्या हातात कोणी परतीचं विमान देतं का? मी तुम्हाला तेव्हाच पकडलं होतं, काका. ती परीक्षा नव्हती. तुमची चूक झाली होती, आणि तुम्ही ती माझ्या नावावर चढवलीत. असं मी मनात धरून बसले. पुरावा पुरेसा नव्हता, म्हणून बोलले नाही, इतकंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गिरणीत आलात आणि अण्णांना म्हणालात, "चांगले पातळ पोहे दे, घरी मलिदा हाय. आणि शुभेला धाड पोहे घेऊन." मलिदा तुमच्यात नवस फेडायला करतात, म्हणून मी विचारलं, कशाचा मलिदा? "रेबेकाचं तिकडे बरं चाललंय, म्हणून." तुमची रेबेका नवऱ्याबरोबर इस्राएलला गेलेली, हे पेणमध्येही सगळ्यांना ठाऊक होतं. तुमची सगळी यहुद्यांची आळीच तर हळूहळू तिकडे निघालेली.

मी एसटीनं पोह्यांची पिशवी मांडीवर घेऊन आले. वडखळला गाडी अर्धा तास उभी, बाजूला एक कोळीण मांदेली घेऊन बसलेली, माझ्या साडीलाही तो वास लागला. तुमच्याकडे कसं चालेल म्हणून मी अंगण न ओलांडता उभी, तर फ्लोरा काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "ये गो, मासळीचा वास कोणाला वर्ज्य हाय आमच्यात? आणली असतीस तर वाटणच काढलं असतं." मोठ्या ताटात पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, वर फळं रचलेली. तुम्ही डोक्यावर टोपी घालून एलियाहू हन्नाबीची प्रार्थना म्हणालात. तुमचे ते संकटाला धावणारे पैगंबर. मला हिब्रू काय कळणार? पण म्हणता म्हणता तुमचा आवाज मध्येच बसला, आणि मला वाटलं, मुलीच्या आठवणीनं बसला. मग मला मलिदा वाढलात. माझा संपला, पुन्हा वाढलात. मी नको म्हणतेय आणि तुम्ही वाढताय. मला त्याचाही रागच आला होता, खरं सांगते. म्हटलं, सही देत नाहीत आणि मलिदा वाढतायत.

रविवारी तुम्हाला माती द्यायची होती. शनिवारी तुमच्यात माती देत नाहीत, म्हणून थांबले होते. मी आणि अण्णा पेणहून निघालो. नागोठण्याला अण्णा म्हणाले, "आयझॅकभाऊ माझ्यापेक्षा लहान होता." तुमच्या घरात हार नाही, उदबत्ती नाही, काही नाही, सगळे खाली जमिनीवर बसलेले. पुरुष तुम्हाला घेऊन गेले, अण्णाही गेले, आणि मी काकूंच्या शेजारी बसले. तुमच्या रिवाजाप्रमाणे शेजारच्या बायांनी आणलेली उकडलेली अंडी ताटलीत तशीच होती. मी त्यांना एक सोलून दिलं, त्यांनी ते हातातच धरलं.

मग त्याच बोलल्या. "त्या पावसातल्या मलिद्याला तू होतीस ना गो? पोहे तूच आणले होतेस."

"व्हय काकू. रेबेकाचा होता ना तो."

"रेबेकाचा कुठला? तिचा उन्हाळ्यातच झाला. तो ह्यांचा होता." काकूंनी माझ्याकडे बघितलं. "विमान घसरलं होतं ना पावसात? घरी आले ते जेवलेच नाय. पलंगावर बसून म्हणाले, फ्लोरा, आज हन्नाबीनं उतरवलं, मी नाय उतरवलं. मग नवस बोलले. तू होतीस ना बाजूला? तुला ठाव नाय?"

मी म्हटलं, "ठाव हाय, काकू."

सांगते काका, पहिल्या क्षणी मला काय झालं ते. मला आनंद झाला. मेलेल्या माणसाच्या घरात, त्याच्या बायकोच्या शेजारी बसून मला आनंद झाला. सापडलात! स्वतःच घेतलेल्या परीक्षेतून सुटलो म्हणून कोणी नवस फेडत नाही. चूक झाली होती, तुम्हाला ती कळली होती, तुम्ही भ्यायला होतात, आणि माझ्यासमोर मात्र ताठ मानेनं म्हणालात, मुद्दाम केलं. वर त्या नवसाचे पोहे माझ्याकडूनच मागवलेत. मी खटला जिंकले होते. पण तो ऐकायला तुम्ही कुठे होतात? तुम्हाला तर त्याच वेळी माती देत होते.

आणि मग माझा आनंद आपोआपच उतरला. कारण ती परीक्षा नव्हती म्हणजे काय? म्हणजे सगळं तुमच्या हातात नव्हतं. म्हणजे आपण खरोखर त्या गवतात जात होतो, मागे बसलेल्या सगळ्यांना घेऊन, आणि त्या वेळी मी विचारत होते, 'उंच वाटतंय का?' तुम्ही खोटं बोललात, काका, आणि तुमचं म्हणणं खरं होतं. मी तयार नव्हते. ह्या दोन्ही गोष्टी एकदम गिळायला मला अजून जमत नाहीये.

अण्णांबरोबर परत येताना मला आणखी एक संशय आला, आणि तो सगळ्यात वाईट आहे, कारण तो तुमच्या बाजूचा आहे. तुम्ही खोटं बोललात ते स्वतःची लाज झाकायला, असं मी धरून चालले होते. पण समजा तुम्ही मला त्या दिवशी खरं सांगितलं असतंत, की माझी चूक झाली, आपण मरणार होतो, आणि तुला दिसत असून तू बोलली नाहीस, तर? मी पुन्हा विमानात चढले असते का? परीक्षा म्हटलंत म्हणून मी फक्त नापास झाले. आणि लगेच परतीचं विमान माझ्या हातात दिलंत. हे माझ्यासाठी केलंत का, काका? की तुमचे हात कापत होते म्हणून? विचारायला हवं होतं. दोन्ही असेल. तुमचा काही नेम नाही.

सोमवारी चीफसमोर बसले. त्यांनी कॉफी मागवली. कॉफी आली तेव्हाच मी ओळखलं, ह्यांना घाई आहे. तुमच्या फेऱ्या रद्द करून चालणार नव्हत्या, आणि डावीकडे बसायला माणूस नव्हता. म्हणाले, "तुमची योग्यता आहेच. एक चेक घेऊ, उड्डाणाची चाचणी, औपचारिकता." मी म्हटलं, "कॅप्टन आयझॅकनी सही केली नव्हती." ते हसले. "त्याचं आता काय! जुनी माणसं, जुन्या कल्पना. तुम्हाला उगाच लटकवून ठेवलं त्यांनी." हेच वाक्य मी किती वर्षं ऐकायला आसुसले होते. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मला तुमच्या वतीनं राग आला. गेल्या आठवड्यात मी तयार नव्हते, ह्या आठवड्यात आहे, आणि मधल्या काळात घडलं काय, तर फक्त तुम्ही मेलात. पण मी नाही म्हटलं नाही, काका. चेक पुढच्या आठवड्यात ठरला, आणि मी हो म्हणून आले. मला ती खुर्ची हवीच होती.

त्याच आठवड्यात माझी फेरी लागली विक्रमबरोबर. तो डावीकडे, मी उजवीकडे. पावसाचं नाव नाही, पण खाली धुरकट, आणि वारा आडवा. उतरताना त्याचं विमान धावपट्टीच्या मधल्या रेघेवर बसेना, वेग उतरेना. मी वेगाचे आकडे बोलले. तो "हां हां" म्हणाला. मी पुन्हा बोलले. पुन्हा "हां". आणि मग मी ओरडले. "गो अराउंड!" अशी ओरडले, काका, की मागच्या पडद्याआड हवाई सुंदरीच्या हातातला ट्रे पडला. विक्रमचा हात आपोआप पुढे गेला, विमान वर गेलं, आपण म्हणजे आम्ही चक्कर मारली आणि दुसऱ्या खेपेला अलगद उतरलो. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. एका गृहस्थांनी उतरताना उशिराबद्दल कुरकुर केली.

विक्रम लालबुंद. "मैं संभाल लेता. इतना चिल्लाने की क्या ज़रूरत थी? पूरे केबिन ने सुना." संभाळलंही असतं त्यानं, कोण जाणे. ते मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. पण त्याचा चेहरा बघून मला एक गोष्ट लख्ख कळली, आणि आपल्या भांडणातला माझा शेवटचा मुद्दा तोच आहे. तुमची परीक्षाच चुकीची होती, काका! तुम्ही बघत बसलात, कोण आरडतो. विक्रम आरडायचा, म्हणून त्याला कॅप्टन केलंत. पण ओरडणं हे उजवीकडच्याचं काम. डावीकडे बसल्यावर ओरडायचं कुठे असतं, ऐकायचं असतं. विक्रमला आयुष्यात कोणी ओरडलेलं खपत नाही. आणि तुम्हाला तरी कुठे ऐकू आलं होतं, मी हळू का होईना बोलले होते तेव्हा? लवकर की उशिरा, तास किती, वर्षं किती, ह्यावर आपण फुकट गाडीभर वाद घातले. आता ह्याला उत्तर द्या. म्हशी दाखवू नका.

विक्रमनं तक्रार केली. लेखी नाही, तेवढा हुशार आहे, कॉफीवर केली. चीफनी मला बोलावलं. आवाज तसाच गोड. "तुम्ही नियमानं वागलात, त्याबद्दल वाद नाही. पण सूर. डावीकडे बसणाऱ्यांत एकोपा लागतो. आपण असं करा, त्याला नुसतं एकदा सॉरी म्हणा. एक शब्द. चेक उद्याच घेऊन टाकू, पुढच्या सोमवारी चार पट्टे."

एक शब्द! मी इतका सरळ सौदा कधी पाहिला नव्हता. खरं सांगू, तोंडापर्यंत आला होता तो शब्द. माझं आयुष्य तर असल्याच शब्दांवर गेलंय, जरा, वाटतंय का, चुकलं असेल तर सांभाळून घ्या. घरी अण्णांनी पेढ्यांचं सांगून ठेवलं होतं. मी चीफना म्हटलं, "सॉरी नाही म्हणणार, सर. पुन्हा तसं दिसलं तर पुन्हा ओरडेन. तुम्ही डावीकडे असलात तरी ओरडेन." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "मग थोडं थांबू या. अजून वेळ आहे तुम्हाला."

तुमच्या जागी परवापासून दुसऱ्या कंपनीतून आणलेला कोणी बसतो. तरुण आहे. मी त्याच्याशी नीट वागते, पण बारीक लक्ष ठेवून असते. अण्णांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पेढ्यांचं काय, नंतर घेऊ." आणि गिरणीत निघून गेले. मी मागच्या ओट्यावर जाऊन बसले आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले, मोठ्यानं, शेजारी बाहेर येऊन बघतील इतक्या मोठ्यानं. तुमच्यासाठी रडले की खुर्चीसाठी, ते मलाही सांगता येणार नाही. ह्या एका बाबतीत मात्र काका, मी कोणावर संशय घेणार नाही. स्वतःवरही नाही.